मद्रासचा बासवाला

बोरीवली (पूर्व), १४ जून १९८५

प्रिय हरेश्वर,

कॅसेट पोचली. पोस्टमनने ती दारात आपटली, तरी वाजते.

गेले आठ दिवस मी एकच गाणं ऐकतोय, दुसऱ्या बाजूचं तिसरं. तमिळचं एक अक्षर कळत नाही, ही केवढी सोय आहे म्हणून सांगू! शब्द कळले की माणूस शब्दांनाच चिकटतो. आमच्या बिल्डिंगीत सगळे तेच करतात. गाणं संपलं की मान हलवून म्हणतात, "काय अर्थ आहे!" अर्थ कसला, मुलगी हो म्हणत नाही, एवढाच.

मी खाली ऐकतो. पहिल्या ओळीला बास गिटार नुसती उभी आहे, आत येऊ की नको असं विचारणाऱ्या पाहुण्यासारखी. दुसऱ्या ओळीत गायिका वर चढते, तर हा मेला खाली उतरतो. एकेक पायरी. अंतऱ्यात तर तो तिच्यामागून चालतच नाही. शेजारच्या गल्लीतून निघतो, आणि ती समेवर पोचते तेव्हा हा आधीच तिथे येऊन बसलेला असतो. गाण्याखाली दुसरं गाणं आहे, हऱ्या! वरचं गाणं कुणीही गावं. खालचं गाणं ज्याने वाजवलं त्याच्या पायाशी मी बसायला तयार आहे.

आपल्याकडे बासवाला म्हणजे सोसायटीची पाण्याची टाकी. आटली तरच लोक वर बघतात. भाऊरावांच्या ऑर्केस्ट्रात तू अकरा वर्षं ड्रम बडवलेस, मी तुझ्या उजव्या हाताला उभा होतो. त्यांचं बासविषयीचं शास्त्र तुला पाठ आहेच: "परब, सा दे, प दे, बाकी गप ऱ्हव."

कव्हरवर नटाच्या मिशा छापल्यात, बासवाल्याचं नाव नाही. तू तिथे बँकेत आहेस, चार माणसं ओळखीची झाली असतील. त्याचं नाव काढ. एक मात्र छातीठोक सांगतो, हा कागदाचा माणूस नव्हे. कागदावरून वाजवणारे मी अंधेरीच्या स्टुडिओत पाहिलेत. तिथे कागद वाजतो, माणूस वाजत नाही. असलं काही लिहून वाजवता येत नाही.

घरची खबर एवढीच की गिरणी बंद आहे ती आहेच, आणि घर सुलक्षणाच्या शिवणमशीनवर चाललंय. तिच्या भावाने, चंद्रप्रकाशने, चारकोपला प्लॅस्टिकचा गाळा घेतलाय. मला स्टोअरकीपर करतो म्हणतो. अट एकच, रात्रपाळीलाही यायचं, म्हणजे ऑर्केस्ट्रा सोडायचा. दिवाळीपर्यंत उत्तर मागितलंय.

तुझा,
जयवंत


मद्रास, ३ जुलै १९८५

प्रिय जयवंता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इथे मराठी वाचायला दुसरं काही नाही, म्हणून चढून जाऊ नकोस.

माझे हाल ऐक. घरमालक शुद्ध शाकाहारी, खोल्या दिल्या त्या मासळी आणायची नाही या अटीवर. गोराईचा कोळी मी, जन्मल्यापासून घरात म्हावऱ्याचा वास, आणि आता रोज सकाळी सांबाराच्या वाफेत जागा होतो. आवस पत्रातून विचारते, तिकडे काय खातंस? मी खोटं लिहितो.

पण तुझं काम होण्यासारखं आहे. खालच्या मजल्यावर राघवन नावाचे गृहस्थ राहतात, रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवतात. त्यांना तुझं गाणं ऐकवलं. त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, बासवाला आमच्यातलाच, मितभाषी माणूस आहे. लोक सांगतात की तो वाजवताना डोळे मिटून घेतो आणि त्याला कोणी काही सांगत नाही. राघवन यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकमेकांना फार भेटत नाहीत, पण मला समजलं ते असं की त्याला पूर्ण मोकळीक असते.

आणखी तीन कॅसेटी पाठवतोय. मीही आता खालचं ऐकायचा प्रयत्न करतो, पण मला आपले ड्रमच ऐकू येतात. तू शेजारी असतास तर बोट दाखवलं असतंस.

वहिनींना नमस्कार.

हरेश्वर


बोरीवली, २ ऑक्टोबर १९८५

प्रिय हरेश्वर,

गणपती झाले, माझं विसर्जनही झालं.

कांदिवलीच्या एका मंडळापुढे कार्यक्रम होता. तुझ्या जागी आता खंडू नावाचा गडी बसतो, हात बरा आहे, कान नाहीत. तुझ्या कॅसेटी ऐकून तीन महिने बोटं शिवशिवत होती. एक संथ हिंदी गाणं लागलं आणि मी ठरवलं, आज सा-प नाही. पहिल्या ओळीला उभा राहिलो. दुसऱ्या ओळीला उतरलो. अंतऱ्यात शेजारच्या गल्लीने निघालो. गाणारी शकु, तिला अकरा वर्षं खाली सा ऐकायची सवय. पायाखालची फळी काढल्यासारखी ती थांबली, आणि दुसऱ्या कडव्याचे शब्द पहिल्यात घालून बसली. माईकवरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, काय करताय?" मंडळाच्या लोकांना वाटलं विनोद आहे. टाळ्या पडल्या.

मंडपामागे भाऊराव म्हणाले, "परब, ह्यो ऑर्केस्ट्रा माझो की तुझ्या बापाशीचो?"

मी म्हटलं, "भाऊराव, मद्रासला बासवाल्याला कोणी सा दे प दे सांगत नाही. तो वाजवतो आणि बाकीचे त्याच्यावर उभे राहतात."

"मगे मद्रासाक जा."

येत्या नवरात्रासाठी मला बोलावलेलं नाही. दिवाळीचेही दोन कार्यक्रम आहेत म्हणे. माझ्या कानावर ते खंडूकडून आले.

पण एक सांगतो. त्या दिवशी गर्दीत बँक कॉलनीतला एक मद्रासी म्हातारा होता. गाणं मोडल्यावर सगळे शकुकडे बघत होते, तो माझ्या बोटांकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बोटांकडे बघितलं. सुलक्षणा म्हणते, त्या एका म्हाताऱ्यावर तुम्ही किती दिवस काढणार? प्रश्न बरोबर आहे. चंद्रप्रकाशही दर रविवारी येऊन चहा पितो आणि गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं म्हणजे तगाद्याची पावती.

तेव्हा मला खरं खरं कळव. तू त्या माणसाला पाहिलंस का? तो खरंच मनाने वाजवतो का? तसं असेल तर माझ्यासारख्याला तिथे जागा आहे, आणि मी तिथे येतो. तसं नसेल तर मी चारकोपला जातो आणि बादल्यांच्या कड्या मोजतो. मधलं काही नको.

जयवंत


मद्रास, १९ ऑक्टोबर १९८५

प्रिय जयवंता,

गेल्या शनिवारी अर्धा दिवस होता. राघवन मला रेकॉर्डिंगला घेऊन गेले. पाहिलं रे तुझ्या माणसाला!

हॉल मोठा, आपल्या शाळेच्या सभागृहाएवढा. चाळीसएक वादक. पंखे रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करतात, त्यामुळे सगळे घामाघूम. मधल्या सुटीत कॉफी येते, ती वाटी-भांड्यातून उंचावरून ओततात, सांडत नाही. तुझा बासवाला डाव्या कोपऱ्यात बसतो. बारीक अंगाचा, चष्मा, पायात रबरी चपला, कपाळाला विभूती. दिसायला आमच्या बँकेतल्या कॅशियरसारखा. डोळे काही मिटत नाही, चांगले उघडे ठेवून वाजवतो. समोर स्टँड असतो, पण तो तर तिथे सगळ्यांसमोरच असतो, तिथली पद्धत आहे. मी दोन तास बसलो होतो. वेळ कसा गेला कळलं नाही.

तुझ्याबद्दल राघवन यांना सांगितलं. म्हटलं, आमच्या बोरीवलीत असा असा माणूस आहे. ते म्हणाले, आले तर जरूर भेटू. मला विचारशील तर तुझ्यासारखा माणूस इथेच असायला हवा. मला दोन खोल्या आहेत, एकीत नुसत्या माझ्या चपला असतात. ती तुझी. संध्याकाळी समुद्रावर जाऊ. आमच्या गोराईसारखा नाही, पण मासळी पकडतात आणि तिथल्या तिथे तळून देतात. घरमालकाला वास येऊ नये म्हणून मी परत येताना लिंबाने हात धुतो. एकट्याने खायला मजा येत नाही.

चारकोपचं तू ठरव. मी काय सांगणार?

हरेश्वर


बोरीवली, १० नोव्हेंबर १९८५

प्रिय हरेश्वर,

चंद्रप्रकाशला नाही म्हणून सांगितलं.

आज सकाळीच. तो चहा पीत होता, त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "भावोजी, विचार करून बोलताय ना?" मी म्हटलं, "तीन वर्षं विचारच करतोय." सुलक्षणाने मशीन थांबवलं नाही. पण सुई मोडल्याचा आवाज आला. चंद्रप्रकाशने ती जागा त्याच्या चुलतभावाला, बाळाला, तिथल्या तिथे देऊन टाकली. पोरगा दहावी नापास आहे, पण त्याला कोणत्याही वाद्याचा नाद नाही, ही केवढी पात्रता!

तुझं पत्र मी सुलक्षणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजींनी कॉफीबद्दल पुष्कळ लिहिलंय." बायकांना नको तिथे नको ते दिसतं.

वीस तारखेची गाडी धरतो. गिटार बरोबर आणतोय. तुझ्या चपला हलव.

जयवंत


मद्रास, १८ नोव्हेंबर १९८५

प्रिय जयवंत,

तुझं पत्र आजच मिळालं. घाईने लिहितोय. आताच निघू नकोस. इथे पावसाने रस्ते तुंबलेत, रेकॉर्डिंगं पुढे गेलीत, राघवन यांच्या घरी आजारपण आहे आणि माझ्या बँकेत ऑडिट आहे. मी सविस्तर लिहितो तोपर्यंत थांब. चंद्रप्रकाशशी पुन्हा एकदा बोलून बघ. पाया पडून विनवलंस तरी चालेल. नोकरी ही शेवटी नोकरी असते.

हरेश्वर


बोरीवली, २२ डिसेंबर १९८५

हरेश्वर,

तुझं अठरा तारखेचं पत्र मला मद्रासहून परत आल्यावर मिळालं. चार कारणं दिलीस. रस्ते कोरडे होते, राघवन यांच्या घरी सगळे ठणठणीत होते. ऑडिट मात्र खरं असावं, कारण त्या बुधवारी तू मला राघवन यांच्या हवाली केलंस आणि रजा मिळत नाही म्हणून बँकेत पळालास. संध्याकाळी तू आलास तेव्हा मी नव्हतो. किल्ली घरमालकाकडे होती. का गेलो ते तू विचारलं नाहीस, महिना झाला. म्हणून मीच सांगतो.

रेकॉर्डिंगच्या मधल्या सुटीत राघवन मला डाव्या कोपऱ्यात घेऊन गेले. मी त्या माणसाच्या पाया पडलो. त्रेचाळीस वर्षांचा घोडा, त्या बारीक अंगाच्या माणसाच्या रबरी चपलांवर डोकं ठेवलं. तो इतका गोंधळला की त्याच्या हातातली कॉफी सांडली. ती न सांडणारी कॉफी. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, ते गाणं, दुसऱ्या बाजूचं तिसरं, त्यात तुम्ही खाली उतरता... आणि तोंडाने वाजवून दाखवलं. त्याला आनंद झाला. मग त्याने स्टँडकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सर, मी काही केलं नाही. सगळं लिहून येतं. लिहिलंय तेवढं मी वाजवतो."

सकाळी संगीतकार टेबलापाशी बसतो आणि चाळीस माणसांचे चाळीस कागद लिहून काढतो, हरेश्वर. बासचाही. प्रत्येक सूर. कुठे उतरायचं, कुठे थांबायचं, सगळं. ज्याने आयुष्यात बासची तार ओढली असेल-नसेल, असा माणूस.

एवढ्यावर मी नमस्कार करून निघालो असतो. पण तो भला माणूस. त्याने मला आपली खुर्ची दिली, गिटार दिली, म्हणाला, वाजवा ना, तुम्हीही आमच्यातलेच. समोर कागद. पाच रेघा आणि त्यांच्यावर मुंग्या. मी म्हटलं, "हे बाजूला ठेवा. मी ऐकून वाजवतो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. राघवन हळूच म्हणाले, "ऐकून? पण हे गाणं अजून कोणी वाजवलेलं नाही. ऐकणार कुठून?"

मी गिटार खाली ठेवली.

आता तू मला एकच सांग. ऑक्टोबरात तू दोन तास तिथे बसला होतास. स्टँड पाहिलास. स्टँडवर कागद होता हे नाही पाहिलंस? मी लिहिलं होतं, खरं खरं कळव, मधलं काही नको. तू मला मधलंच पाठवलंस, वर कॉफी ओतून.

चारकोपला बाळा स्टोअरकीपर झालाय. भाऊरावांनी जपानी कीबोर्ड आणलाय. वाजवणारा डाव्या हाताने बास देतो, उजव्या हाताने बाकी सगळं. पब्लिकमध्ये कोणाच्या काही लक्षातही आलं नाही म्हणे.

जयवंत परब


मद्रास, ६ जानेवारी १९८६

प्रिय जयवंत,

आडनावासकट सही केलीस, समजलो.

पाहिला कागद. पहिल्या पाच मिनिटांत पाहिला. घरी येऊन तुला तसं लिहायलाही बसलो. 'तो कागदावरून वाजवतो, तू चारकोपला जा', एवढं एक वाक्य. लिहून झाल्यावर खोलीत बघितलं. सहा महिने माझ्याशी मराठीत कोणी बोललं नव्हतं. तू चारकोपला गेलास की तुझी पत्रं बंद, आणि तू आलास तर शेजारच्या खोलीत तू. मी ते पत्र फाडलं. झालं ते असं. कॉफीच्या मागे दुसरं काही नाही.

पण तूही ऐक. मी गुन्हेगार आहे, पण एकटा नाही. अकरा वर्षं तुझ्या डाव्या हाताला मी होतो. अंधेरीच्या स्टुडिओतला तो गोवेकर बासवाला तुला म्हणाला होता, "परबसाहेब, सहा महिने या, कागद वाचायला शिकवतो." तू बाहेर येऊन मला म्हणालास, कागद वाजवणारे कारकून असतात. मी तेव्हा बँकेत कारकूनच होतो, पण तू माझ्यासमोर म्हणालास. तुला शिकायचं नव्हतं. तुला मनाने वाजवणारा कोणीतरी देव हवा होता, म्हणजे आपल्याला येत नाही ते येण्याची गरज नाही असं सिद्ध झालं असतं. मी तो देव पुरवला. तू मागितलास म्हणून पुरवला.

आणि चारकोपला तुला जायचंच नव्हतं. माझ्या पत्राने तुला फक्त पत्ता दिला.

एवढं लिहून पश्चात्ताप होतोय, पण हे पत्र फाडणार नाही. राघवन यांनी नोटेशन शिकायचं एक पुस्तक दिलंय, ते पाठवतोय. इंग्रजी सोपं आहे. आयसी कॉलनीत चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे कोणी तरी शिकवतीलच.

मेमध्ये बदली होण्याची शक्यता आहे. बोरीवली शाखाच मागितलीय. माझ्याशी बोलशील का ते कळव.

हरेश्वर


बोरीवली, २ फेब्रुवारी १९८६

हरेश्वर,

पुस्तक मिळालं. सुलक्षणाने त्याला खाकी कव्हर घातलं, अजून उघडलेलं नाही.

मी चारकोपला जातो. बाळाच्या हाताखाली. तो खुर्चीवर बसतो, मी रॅकमधून माल काढून देतो. तो मला 'भावोजी' म्हणतो, पण 'अहो भावोजी, जरा लवकर' असं म्हणतो. रात्रपाळी आठवड्यातून तीनदा. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, त्यामुळे बरं आहे.

तुझं पत्र खरं आहे. गोवेकराचंही खरं. एवढं कडू इतकं सरळ तू पूर्वी कधी बोलला नव्हतास. ड्रमवर असाच हात टाकला असतास तर आपण दोघं कुठल्या कुठे गेलो असतो. कागद लपवलास, तेही समजू शकतो. एकटेपणापायी माणूस काय काय करतो हे मला सांगायला नको. मी एका म्हाताऱ्याच्या नजरेवर नोकरी नाकारली.

पण एक गोष्ट मला गिळवत नाही, आणि ती तुझ्या लक्षातही आलेली दिसत नाही.

त्या बुधवारी गिटार खाली ठेवून मी दाराकडे निघालो, तर लाल दिवा लागला. लाल दिवा लागला की तिथे दार उघडत नाहीत. तोंड लपवायलाही जागा नाही, म्हणून दाराशी एका स्टुलावर बसलो. पंखे बंद झाले. आणि ते गाणं, जे तोपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं, ते सुरू झालं.

पहिल्यांदा बास नव्हताच. चाळीस माणसं वाजवतायत आणि तो हातावर हात ठेवून कागदाकडे बघतोय. मला वाटलं, याची जागा चुकली. मग कळलं, त्याच्या कागदावर गप्प बसणंही लिहिलेलं आहे. मोजून. आणि मग त्याने एक सूर दिला. एकच. बासरी ज्या सुरावर संपली होती त्याच्या कितीतरी खाली, जिथे आपल्याकडे कोणी जातच नाही. तो सूर लागला आणि इतका वेळ वर तरंगणाऱ्या सगळ्या व्हायोलिनींना अचानक जमीन मिळाली. त्यानंतर तो चालायला लागला तेव्हा मला रडू आलं, अपमानाचं नव्हे. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं हे खरं. पण त्या सुराला किती वेळ धरायचं आणि कधी बोट उचलायचं, यातलं थोडंसं त्या चपलावाल्याचं होतं. एवढंसं. कागदाला ते येत नाही. त्याला स्वतःलाही ते माहीत नाही. मला माहीत आहे, आणि माझ्या त्या माहितीचा जगात कोणालाही उपयोग नाही.

मला पाच मिनिटं मिळाली. तुला दोन तास मिळाले होते. माझ्या देवापासून दहा हातांवर तू दोन तास बसलास आणि मला चष्मा लिहिलास, विभूती लिहिलीस, पंखे लिहिलेस. त्याने काय वाजवलं, याची एक ओळ तुझ्या पत्रात नाही. खोटं बोललास त्याचं काही नाही. तू ऐकलंच नाहीस.

मेमध्ये ये किंवा नको येऊ, बोरीवली काही माझ्या एकट्याची नाही. त्याआधी पत्र लिहिणार असशील तर माफी लिहू नकोस. एखाद्या शनिवारी राघवन यांच्याबरोबर जा, दाराशी स्टूल आहे, त्यावर बस. ड्रमकडे बघू नकोस. खाली काय वाजतंय ते ऐक आणि तेवढंच लिही, तोडकंमोडकं कसंही. तेवढं जमलं नाही, तर लिहू नकोस.

जयवंत